तिसरं कडवं

पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण नागपुरातल्या तमाम संगीतप्रेमी जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, देशातल्या एका फार मोठ्या बँडच्या आधी, त्याच मंचावर, त्याच दिव्यांखाली, आमच्या ऑर्केस्ट्राने वाजवलेलं आहे. या घटनेची नोंद कुठल्याही इतिहासात झालेली नाही आणि होण्याची चिन्हंही दिसत नाहीत. म्हणून हे राष्ट्रीय कार्य मला स्वतःलाच उरकावं लागत आहे.

बँडचं नाव सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही माझी गोष्ट बाजूला ठेवून त्यांचं ते एक गाणं गुणगुणायला लागाल. एवढंच सांगतो की त्यांच्या गाण्यांवर आमच्या शहरातल्या दोन पिढ्या प्रेमात पडल्या आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या रिसेप्शनला पुढे आम्ही वाजवलं. म्हणजे धंद्याच्या दृष्टीने पाहिलं तर त्यांचा आणि आमचा संबंध जुनाच होता. त्यांना तो माहीत नव्हता, एवढंच.

आमचा ऑर्केस्ट्रा म्हणजे चार माणसं. की-बोर्डवर मी. दिवसा मी बुटीबोरीला एका कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर असतो, त्यामुळे यंत्रासमोर तासन्‌तास उभं राहण्याची सवय आहे. ऑक्टोपॅडवर माझा साळा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं सावनेरला मोटारपंपांचं दुकान आहे. गायिका एक प्राथमिक शिक्षिका. त्यांना सगळे मॅडमच म्हणतात, त्यांचा नवरासुद्धा. लहानपणी त्या वस्तीतल्या विहारासमोर चौदा एप्रिलला गायच्या, उघड्यावर, भोंग्यांमधून. त्यामुळे आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या खुर्चीला कळत नाही. चौथा आमचा गिटारवाला. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, हे तो स्वतःही मान्य करतो.

लग्न, रिसेप्शन, साक्षगंध म्हणजे साखरपुडा, गणपती, जयंती, वास्तुपूजन, निवृत्तीचा सत्कार, जिथे बोलावतील तिथे आम्ही जातो आणि लोकांना जे ठाऊक आहे तेच वाजवतो. पण आमचं स्वतःचं असं एक गाणं आहे. शब्द मॅडमचे, चाल माझी. एका मे महिन्यात, शाळेला सुट्टी आणि अंगाची लाही होत असताना मॅडमनी ते लिहिलं. गाणं कूलरवर आहे. एका खोलीत एकच कूलर आणि नवरा-बायको दोघं. धृपद असं:

कूलरची हवा सारी तुह्या अंगावर,
माह्या वाट्याले राजा नुसता आवाज.

पहिल्या कडव्यात बायको सांगते की वाळ्याच्या ताट्या मी बदलल्या, टाकीत पाइप मी लावला, मोटर अडकली तर थाप मी मारली. दुसऱ्या कडव्यात रोज कुणीतरी गुपचूप उठून कूलरचं तोंड आपल्याकडे वळवतं आणि सकाळी दोघंही तो विषय काढत नाहीत. तिसऱ्या कडव्यात लाइन जाते.

लाइन, म्हणजे वीज, गेल्यावर काय होतं, हे आमच्या चौघांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. कारण इतक्या वर्षांत हे गाणं तिसऱ्या कडव्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं.

त्याला कारण आमच्या धंद्याचा एक नियम. तो नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. पाहुणे दिसले की चालू असलेलं गाणं, ते कितीही रंगात आलेलं असो, आहे तिथे सोडायचं आणि स्वागताची धून धरायची. ही शिस्त आम्हाला एका रिसेप्शनने लावली. एक स्थानिक पुढारी आत शिरला तेव्हा आम्ही अगदी मन लावून बेवफाईचं एक गाणं वाजवत होतो. त्याने नुकताच पक्ष बदलला होता. तो न जेवता निघून गेला आणि नवरीच्या बापाने पुढचे आठ दिवस आमचा फोन उचलला नाही. तेव्हापासून माझा साळा असा उभा राहतो की त्याची नजर गेटवर राहील. पाहुणा ओळखण्याचं त्याचं शास्त्र पक्कं आहे. कपडे पांढरे. पुढे एक जण हाताने वाट करत चाललेला. मागे तीन-चार जण, अर्धे तिरके होऊन, मोबाइल कानाला लावून. एवढं दिसलं की साळा ऑक्टोपॅडवर एक लांबलचक ढर्रर्र काढतो, माझी बोटं आपोआप स्वागताच्या धुनेवर जातात, आणि निवेदक कुठेही असला, अगदी भजे खात असला, तरी तोंड पुसत धावत येतो आणि म्हणतो, “टाळ्यांच्या गजरात स्वागत करू या.” यात कुणी कुणाला विचारत नाही. आगगाडीचे डबे इंजिनाला कुठे विचारतात.

तर कूलरचं गाणं दुसऱ्या कडव्यापर्यंत आलं की कुणीतरी यायचंच. नगरसेवक, नवरदेवाचे मोठे साहेब, आमदारांचे भाऊ, आमदारांच्या भावाचे मित्र. एकदा तर नुसता केक आला आणि साळ्याने त्याचंही स्वागत केलं, कारण केकसमोर एक जण हाताने वाट करत चालला होता.

मॅडम कधी चिडल्या नाहीत. त्या माइक खाली धरून शांत उभ्या राहायच्या, वर्गात इन्स्पेक्शनवाले आले की उभ्या राहतात तशा. पण त्या हिवाळ्यात त्यांनी मला सांगितलं, “भाऊ, या सीझननंतर मी थांबावं म्हणते. सकाळी पोट्ट्यांवर ओरडाचं अन्‌ संध्याकाळी गाणं म्हणाचं, गळा म्हणते का एकच काहीतरी कर. अन्‌ शाळेत पगार हाय.”

मी म्हटलं, बरोबर आहे. दुसरं काय म्हणणार.

“फक्त एक डाव ते तिसरं कडवं लोकायपुढं म्हणाचं होतं,” त्या म्हणाल्या आणि विषय बदलला.

या पार्श्वभूमीवर फोन आला. शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचं गॅदरिंग होतं आणि तिथे तो मोठा बँड येणार होता. सुरुवातीला कुणीतरी गावातलंच वाजवेल, असं ठरलेलं होतं. कॉलेजच्या मुलांचा एक बँड त्यासाठी महिनाभर दाढ्या वाढवत होता, पण ऐन वेळी तो भांडून फुटला. असे बँड फुटतातच, बहुधा ते त्यांच्या अभ्यासक्रमात असावं. मग संस्थेच्या अध्यक्षांना आमची आठवण झाली. त्यांच्या मुलीच्या रिसेप्शनला आम्ही वाजवलं होतं आणि त्यांच्या व्याह्यांचं स्वागत फारच दणक्यात झालं होतं.

“आपला ऑर्केस्ट्रा हाय ना,” ते म्हणाले. “पोट्ट्यायले काय, ढांगढिंग पाहिजे. अर्धा तास रेटून द्या.”

दुसऱ्या दिवशी विद्यार्थी समितीची एक मुलगी भेटायला आली. काळा टी-शर्ट, हातात दोन मोबाइल. तिने अतिशय अदबीने विचारलं, “काका, तुमचा जॉनर काय आहे?”

“लग्न,” मी म्हटलं.

तिने ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

गाणी ठरवायला आम्ही माझ्या घरी वरच्या खोलीत बसलो. आधी दोन नाचाची गाणी, ज्यांच्यावर नागपुरात दगडसुद्धा हलतो. शेवटी एक. मॅडम म्हणाल्या, “शेवटी कूलर.”

“जानेवारीत?” साळा म्हणाला. “मॅडम, पोट्टे स्वेटर घालून येतीन.”

“येऊ दे. अन्‌ तुले एक सांगते. त्या दिवशी कोणी आलं तरी ढर्रर्र करायचं नाही.”

“कोणीच नाही?”

“कोणीच नाही. आमच्या शिक्षणाधिकारी साहेबायची गाडी स्टेजवर चढली तरी नाही.”

साळ्याने ऑक्टोपॅडवर हात ठेवून शपथ घेतली. गिटारवाल्यानेही घेतली, त्याला कुणी सांगितलं नव्हतं तरी. मीही माझ्याकडून बंदोबस्त केला. अध्यक्षांना फोन करून सगळे पाहुणे आमच्या आधीच येऊन बसतील, त्यांचे सत्कार आमच्या आधीच उरकतील, हे पक्कं करून घेतलं. येणारा प्रत्येक माणूस आधीच आलेला असेल तर नंतर येणार कोण? हा हिशोब मला निर्दोष वाटला. अजूनही वाटतो.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मंचावर पोचलो आणि मोठ्या बँडचं वैभव पाहिलं. सगळा मंच त्यांच्या सामानाने भरलेला. मधोमध उंच चौथऱ्यावर ड्रम, त्यावर काळं कापड, एखाद्या संस्थानिकाची समाधी असावी तसं. पुढे जमिनीवर एक पिवळी चिकटपट्टी लावलेली. त्यांचा साउंड इंजिनिअर, मुंबईचा, झोप न झालेल्या डोळ्यांचा माणूस, म्हणाला, “आप लोग इस टेप के आगे. पीछे नहीं आना, प्लीज.”

टेपच्या पुढे म्हणजे मंचाच्या कडेपर्यंत जेमतेम एका खाटेएवढी जागा. तिच्यात आम्ही चौघं ओळीने उभे राहिलो, रेशनच्या दुकानासमोर राहतात तसे. मी, मॅडम, गिटारवाला. ऑक्टोपॅडला जागाच उरेना. शेवटी त्याचा स्टँड अगदी डाव्या कोपऱ्यात, तोही आडवा, बसला. साळा तिथे जाऊन उभा राहिला आणि मी त्याच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. समोर मैदानाचं बाजूचं गेट होतं.

“तोंड फिरवून उभा राह्य ना,” मी म्हटलं.

“फिरवलं तं प्रेक्षकायकडे पाठ होते, भाऊजी. पाठ करून वाजवलं तं लोक म्हणतीन, घमेंड पाह्य याची.”

हे खरं होतं. मॅडमनी गेटकडे पाहिलं, साळ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “शपथ ध्यानात ठेव.”

मोठ्या बँडचा गायक मागच्या तंबूत भेटला. माणूस साधा. पोस्टरवर असतो त्यापेक्षा बुटका आणि सर्दी झालेला. त्याने प्रत्येकाशी हात मिळवला. “आप लोग ओरिजिनल भी करते हो?” त्याने विचारलं.

“एक है,” मॅडम म्हणाल्या. “कूलर पे.”

“कूलर?”

“डेझर्ट कूलर.”

“वाह,” तो म्हणाला आणि शिंकला. त्या ‘वाह’मध्ये नेमकं काय होतं, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

संध्याकाळी मैदान भरलं. पुढच्या सोफ्यांवर पाहुणे. माझ्या व्यवस्थेप्रमाणे त्यांचे सत्कार आधीच झाले होते आणि आता ते शाली पांघरून बसले होते, थंडी होतीच म्हणून त्या काढायचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. त्यांच्यामागे पोरांचा समुद्र. निवेदक आमचाच, नेहमीचा. अध्यक्षांना दुसऱ्याच्या आवाजात स्वतःचं नाव ऐकवत नाही. त्याने आमची घोषणा केली आणि पोरांनी मोठ्या बँडच्या नावाने ओरडायला सुरुवात केली. याचा राग मानायचा नसतो. जेवणाआधी हात धुवायला लावलं तर लहान मूलही कुरकुर करतंच.

पहिल्या गाण्याला ओरडा निम्मा झाला. दुसऱ्याला मागच्या बाजूने नाच सुरू झाला. आणि तो आवाज, तो साउंड, काय सांगू. आयुष्यभर मी माझा की-बोर्ड दोन पेट्यांमधून ऐकला, त्यातली एक नेहमी खरखरायची. इथे मी एक बोट ठेवलं की ते पोटात ऐकू यायचं. साळ्याने ऑक्टोपॅडवर एक थाप मारली आणि स्वतःच दचकला.

मग मॅडम पुढे झाल्या. प्रस्तावना नाही, काही नाही. “कूलरची हवा सारी तुह्या अंगावर.”

पोरं हसली. स्वेटर-जॅकेट घातलेली ती सगळी गर्दी हसली, कारण थंडीत कूलर. पण हसणं वाईट नव्हतं. ‘ताट्या मी बदलल्या’ला मुलींकडून शिट्टी आली. दुसऱ्या वेळी धृपद आलं तेव्हा मागची पोरं मॅडमच्या आधी ‘नुसता आवाज’ म्हणायला लागली होती. ही सगळी हॉस्टेलची पोरं, एका खोलीत चौघं आणि कूलर एक. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या कडव्यात कूलरचं तोंड वळवण्याचा प्रकार आला तेव्हा पोरं एकमेकांकडे बोटं दाखवू लागली. मोबाइलचे दिवे वर झाले. विंगेत मोठ्या बँडचा गायक येऊन उभा राहिलेला मला दिसला, मफलर गुंडाळलेला, आणि त्याचं डोकं तालात हलत होतं.

दुसरं कडवं संपलं. धृपद झालं. मधला छोटा तुकडा मी वाजवला. मॅडमनी डोळे मिटले आणि तिसऱ्या कडव्यासाठी श्वास घेतला.

आणि बाजूच्या गेटातून एक माणूस आला.

पांढराशुभ्र शर्ट, पांढरी पँट, गळ्यात केशरी दुपट्टा, कपाळावर टिळा. पुढे समितीचा एक पोरगा दोन्ही हातांनी वाट करतोय. मागे तिघं, अर्धे तिरके, एकाच्या कानाला मोबाइल. भरभर चाल. माझ्या साळ्याच्या सगळ्या शास्त्राची इतकी निर्दोष मूर्ती त्या गेटातूनच काय, विधानभवनाच्या गेटातूनही कधी आली नसेल.

ढर्रर्र.

त्या साउंडवर ते ढर्रर्र कसं वाजलं असेल, याची कल्पना करा. बॉम्बस्फोटासारखं म्हणणार होतो, पण अतिशयोक्ती नको. विमान धावपट्टीवर उतरावं तसं. साळा नंतर म्हणाला की शपथ त्याला आठवत होती, पण शपथ डोक्यात होती आणि ढर्रर्र हातात. माझंही तेच. माझी बोटं स्वागताच्या धुनेवर गेली हे मला कानांनी कळलं. गिटारवालाही आला सोबत. मॅडम तोंड उघडं ठेवून उभ्या होत्या, आत घेतलेला श्वास तसाच.

यापुढे आपलं कुणाचंच काही चालणार नव्हतं. डबे इंजिनाला जोडले गेले होते. निवेदक विंगेतून धावत आला. “टाळ्यांच्या गजरात स्वागत करू या,” तो म्हणाला आणि नाव माहीत नसल्यामुळे पुढे म्हणाला, “ज्यांना परिचयाची गरज नाही अशा सर्वांच्या लाडक्या व्यक्तिमत्त्वाचं.” सोफ्यावरचे अध्यक्ष चमकले. एवढा मोठा माणूस येतोय आणि आपल्याला माहीत नाही, हे त्यांना कबूल करता येईना. ते हात जोडून उभे राहिले. ते उठले म्हणून सोफा उठला. सोफा उठला म्हणून प्राध्यापक उठले. पोरं टाळ्या पिटायला लागली, पोरांना काय.

तो माणूस डावीकडे, मंचामागे निघाला होता. पण अध्यक्षांनी त्याचा हात धरला आणि अत्यंत नम्रपणे उजवीकडे, मंचाच्या पायऱ्यांकडे वळवला. वाट करणाऱ्या पोराने काहीतरी सांगण्याचा प्रयत्न केला, पण आमच्या धुनेपुढे त्याचं काय ऐकू येणार. माणूस वर आला. तबकातली उरलेली शाल त्याच्या खांद्यावर पडली, नारळ हातात आला. मोठ्या बँडचा गायक हे सगळं पाहत होता. सगळं मैदान उभं आहे म्हणजे हा कोणी थोर पुरुष असणार, असं समजून तो विंगेतून पुढे आला आणि संस्कारी माणूस असल्यामुळे त्याच्या पाया पडला.

माणसाने त्याला आशीर्वाद दिला. अशा वेळी हात आपोआप वर जातो.

तो कोण होता हे आता सांगतो. तो जनरेटरवाला होता. त्या कार्यक्रमाचं जनरेटर त्याचं. त्या दिवशी सावनेरला त्याच्या भाचीचं साक्षगंध होतं, म्हणून तो मशीनवर हाताखालचा माणूस ठेवून तिकडे गेला होता. संध्याकाळी मशीनचा आवाज बदलला, समितीची पोरं घाबरली, त्यांनी फोनवर फोन केले, आणि तो टिळा-दुपट्ट्यासकट तसाच मोटरसायकलवर आला. आमचं गाणं त्याने गेटाबाहेर गाडी लावतानाच ऐकलं होतं. मागचे तिघं म्हणजे समितीचीच पोरं होती. कानाला मोबाइल होता कारण दुसरीकडून कुणीतरी विचारत होतं, आले का, आले का.

निवेदकाने धून थांबवायची खूण केली आणि माइक त्याच्या तोंडासमोर धरला. “साहेबांनी आम्हाला दोन शब्द मार्गदर्शन करावं.”

जनरेटरवाल्याने शालीकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं. मग आमच्याकडे वळून मॅडमकडे पाहिलं. आणि तो एक वाक्य बोलला. दोन शब्दांपेक्षा थोडं मोठं होतं, पण मार्गदर्शन म्हणून माझ्या ऐकण्यात आलेल्या सगळ्या भाषणांत ते सर्वांत उपयोगी होतं. ते शेवटी सांगतो. लहानपणापासून माझी सवय आहे, ताटातलं गोड शेवटी खायचं.

त्या वाक्यानंतर मग पोरांनी असा काही गलका केला की मोठ्या बँडलाही नंतर तेवढा मिळाला नाही, असं माझं मत आहे. गिटारवाल्याचंही आहे. मुंबईच्या इंजिनिअरने मला मनगटावर बोट आपटून दाखवलं, वेळ संपली. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या गायकाने त्याचं मनगट हळूच खाली केलं.

आणि मॅडमनी तिसरं कडवं म्हटलं. साळ्याने हात मागे बांधून घेतले होते, त्यामुळे ठेका नाही. मी एकच सूर धरून ठेवला. तिसऱ्या कडव्यात लाइन जाते. कूलर थांबतो. खोलीत उकडायला लागतं, दोघांनाही सारखंच. आणि तो आवाज बंद झाल्यामुळे बायकोला पहिल्यांदा ऐकू येतं की पलीकडे नवराही जागाच आहे. तो म्हणतो, झोपली नाही का वं? ती म्हणते, तुह्यासारखीच. मग दोघं बोलत बसतात, किती तरी दिवसांचं साठलेलं. शेवटच्या ओळीत लाइन येते, कूलर सुरू होतो, आणि ती उठून बटन बंद करते.

एवढंच आहे. ती जगातली फार मोठी कविता आहे असं मी म्हणणार नाही, चाल माझी असल्यामुळे मला पक्षपाती धरतील. पण शेवटच्या ओळीनंतर त्या एवढ्या गर्दीत, एवढ्या साउंडवर, क्षणभर काहीच वाजत नव्हतं, फक्त मंचामागे जनरेटर धडधडत होतं, जरा बिघडलेल्या आवाजात. तुम्हाला वाटेल की तेवढ्यात खरोखरची लाइन गेली असेल. गेली नाही. मी गोष्ट रंगवतो, पण खोटी सांगत नाही.

जनरेटरवाला कडवं संपेपर्यंत मंचावरच उभा होता, शाल-नारळ सांभाळत, कारण त्याला खाली उतरा असं कुणी म्हणालं नव्हतं. संपल्यावर त्याने नारळ बगलेत मारून टाळ्या वाजवल्या आणि मग आपल्या मशीनकडे गेला. मोठा बँड उशिरा सुरू झाला, चांगला वाजला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्यांच्या गायकाचा पाया पडतानाचा फोटो होता, खाली लिहिलं होतं, मान्यवरांचे आशीर्वाद घेताना.

मॅडमनी त्या सीझननंतर ठरल्याप्रमाणे गाणं थांबवलं. आता त्यांच्या जागी एक नवीन मुलगी गाते. साळा अजून गेटकडे तोंड करूनच उभा राहतो आणि अजून ढर्रर्र काढतो. फक्त कूलरचं गाणं चालू असलं की काढत नाही. आता खुद्द नवरदेव आला तरी तिसरं कडवं होईस्तोवर दारात थांबतो.

तर राहिलं ते वाक्य. निवेदकाने मार्गदर्शन मागितलं होतं, सगळं मैदान उभं होतं, एक प्रसिद्ध माणूस नुकताच पाया पडून उठत होता, आणि जनरेटरवाला मॅडमकडे पाहून माइकमध्ये म्हणाला:

“मले काहून चढवलं गा इथं, बाईले पह्यले सांगू द्या ना का पुढं काय झालं.”